खुंटीवरचा डबा

स्वारगेट, पुणे
४ ऑगस्ट

ती. आईस,
सा. जयभीम, वि. वि.

सुरुवात अशीच करायची असते ना? तू चौथीच्या वर्गाला शिकवतेस तशीच केली आहे. चुकली असेल तर लाल पेनाने गोल कर आणि डब्यातून परत पाठव.

कालच्या भांडणाबद्दल आधी लिहिते. फोन तुझ्या कपाटात ठेवून आले ते रागाने नाही, पूर्ण विचार करून. हातात असला की मी सगळ्यांची लग्नं बघते, सगळ्यांच्या नोकऱ्या बघते, आणि मग ऑडिटचं पुस्तक उघडलं तरी डोळ्यांत काही शिरत नाही. शेवटचा पेपर होईपर्यंत तो तुझ्याकडेच. मी रडून मागितला तरी द्यायचा नाही.

सरांकडे जाऊन आले ते सांगायचं राहिलं. श्रीनिवास सरांनी माझी मार्कलिस्ट चष्म्याच्या वरून पाहिली आणि म्हणाले, की आम्रपालीबाई, तुम्ही दोन्ही वेळा एकेकच ग्रुप दिलात. एकेक पाय धुऊन आंघोळ झाली असं आमच्या सदाशिव पेठेतसुद्धा कोणी म्हणत नाही. तीन वर्षं त्यांच्या ऑफिसात काढली, पण अजून त्यांचं बोलणं लागतं. मात्र त्यांचं खरं आहे. मे महिन्यात माझा एकही विषय गेला नव्हता, फक्त बेरीज कमी पडली. म्हणून या वेळी सीए फायनलचे दोन्ही ग्रुप एकदम देणार आहे, सहाच्या सहा पेपर. आणि आई, हे शेवटचं. आता नाही झालं तर बँकेचे फॉर्म भरीन आणि या विषयावर घरात कोणी बोलायचं नाही.

नियम असे. मी घरी येणार नाही, तुम्ही इथे यायचं नाही. बाबा मार्केट यार्डात ऑफिसला जाताना स्वारगेटवरूनच जातात, त्यांनी डबा हॉस्टेलच्या गेटजवळच्या खुंटीला लावायचा, कालचा रिकामा घ्यायचा आणि वर न बघता जायचं. काही सांगायचं असेल तर डब्याच्या पिशवीत चिठ्ठी. तुला पत्रं आवडतातच.

लोभ आहेच, तो डब्यातून दिसू दे.
तुझी,
आम्रपाली


धायरी
५ ऑगस्ट

चि. आम्रपालीस,
अ. उ. आ.

सुरुवात बरोबर आहे. ‘मार्कलिस्ट’ला मराठी शब्द आहे, पण तुझ्या त्या कागदाला कुठल्याही भाषेत चांगला शब्द नाही, म्हणून सोडून दिलं.

नियम मान्य. बाबांना वर न बघता जायला सांगितलं तर विचारतात, की मग पोरगी जिवंत आहे हे कळणार कसं. मी म्हटलं, डबा रिकामा परत आला की समजायचं. तेव्हा डबा रिकामाच परत आला पाहिजे. मेथी टाकून दिलीस आणि मला कळलं, तर फोन कपाटातून थेट भंगारवाल्याकडे जाईल.

माझीही एक अट आहे. सहा पेपर द्यायचे ठरवलेस ना, मग सहाच्या सहा द्यायचे. मधेच उठायचं नाही. एखादा खराब गेला म्हणून पुढच्याला दांडी मारायची नाही. माझ्या वर्गातली पोरंसुद्धा गणित चुकलं म्हणून परिसर अभ्यासाचा पेपर बुडवत नाहीत.

तुझी लाल पेनवाली,
आई


धायरी
१६ सप्टेंबर

ती. कांताताईंस,
सा. जयभीम, वि. वि.

पत्र बघून दचकू नका. फोन केला असता, पण तुम्हाला कमी ऐकू येतं म्हणून तुम्ही स्पीकर लावता, आणि तुमच्या आधी अर्ध्या फलटणला बातमी कळते. ही बातमी तशी नाही. तुम्ही नणंद असलात तरी मला तुमच्याशिवाय सांगायला दुसरं कोणी नाही.

शाळेचा जिना चढताना मधल्या वळणावर बसावं लागतं. मुलांना वाटतं बाई चिडल्यात म्हणून गप्प आहेत. डावा खांदा भरून येतो, घाम फुटतो. मी पित्त म्हणत होते. शेवटी शाळेतल्या हेमाबाई मला ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. तपासणी झाली. हृदयाच्या तीन नसा जवळजवळ बंद आहेत. ऑपरेशन ताबडतोब करायचं म्हणाले. मी म्हटलं, चौदा नोव्हेंबरला करा. पाढे न येणाऱ्या पोराकडे मी जशी बघते, तसे ते माझ्याकडे बघत राहिले.

कारण सांगते. आम्रपालीचा शेवटचा पेपर तेराला आहे. तिच्या परीक्षेत प्रत्येक विषयात पास व्हावं लागतं, आणि शिवाय सगळ्यांची बेरीज निम्म्यावर जावी लागते. दोन्ही ग्रुप एकदम दिले तर एकीकडे कमी पडलेलं दुसरीकडून भरून निघतं, जसं आपण एका पातेल्यातली आमटी दुसऱ्यात ओतून पंगत निभावून नेतो. पण एक जरी पेपर चुकला तरी ते ओतणं बंद. मग पहिल्याला पहिल्याचंच. ती टॅक्समध्ये हुशार आहे आणि ते सगळं दुसऱ्या ग्रुपात आहे. मी आज ऑपरेशनला गेले तर ती पुस्तकं फेकून दवाखान्यात येऊन बसेल. मला माझी पोरगी माहीत आहे. आणि परत फॉर्म भरणार नाही म्हणते, तर भरणार नाही.

यांना फक्त गोळ्या चालू आहेत एवढंच सांगितलंय. तुमच्या भावाचा चेहरा म्हणजे नोटीस बोर्ड. सकाळी डबा लावायला गेले की तिला खिडकीतूनच सगळं वाचता येईल. तुम्हाला माझी शपथ आहे. रागवा, पण लिहून रागवा.

लोभ आहे तसाच राहू द्या, आणि तोंड बंद ठेवा, ही विनंती.
तुमची,
सत्यशीला


फलटण
२१ सप्टेंबर

चि. सत्यशीलास,
अ. आ.

रागवायला सांगितलंस म्हणून रागावते. तू शिकलेली, मास्तरीण, विहारात पावसाळाभर वर्षावासाचं वाचन करतेस, लोकांना विवेक सांगतेस, आणि स्वतःच्या छातीला तारीख देतेस? हृदय काय तुझ्या शाळेतला शिपाई आहे, सुट्टी संपल्यावर ये म्हणून सांगायला? तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, अशीच एसटीत बसावं, स्वारगेटला उतरावं आणि त्या पोरीच्या हॉस्टेलपुढे उभं राहून बोंब ठोकावी.

पिशवी भरून तयार केली होती, खरं सांगते. मग तशीच बसून राहिले.

तुला माझं एक माहीत नाही. तुझा संजय तेव्हा लहान होता, त्यालाही आठवत नसेल. माझी सातवीची परीक्षा चालू होती. आमचे वडील गेले. धोंडिबाकाका वर्गाच्या दारात आले आणि मला पेपरवरून उठवून घेऊन गेले. गणिताचा होता. मला सगळी गणितं येत होती गं. नंतर घरात कोणी म्हणालं नाही की जा, उरलेले पेपर दे, आणि मला विचारायला तोंड नव्हतं. पुढे अंगणवाडीत दुसऱ्यांच्या पोरांना एक ते शंभर शिकवण्यात जन्म गेला. वडील गेल्याचं दुःख कधीतरी कमी झालं, त्या पेपरचं काही झालं नाही.

म्हणून गप्प बसते. मला हे पटलेलं नाही. पण पोरीला पेपरवरून उठवणारी मी होणार नाही. गोळ्या वेळेवर घे, जिना चढू नकोस, वर्ग तळमजल्यावर मागून घे. कारळ्याची चटणी पाठवली आहे. डब्यात घाल, तिला आवडते.

तुझ्यावर माया आहे म्हणून शिव्या कमी लिहिल्या.
कांताताई


स्वारगेट
९ ऑक्टोबर

ती. आईस,
सा. जयभीम, वि. वि.

चटणी आत्याची आहे हे झाकण उघडताच कळलं. तिला सांग, पाव चमचा कमी तिखट केली असती तर मी रडतेय ती कशाने ते तरी कळलं असतं.

रडते कधी कधी. तू काळजी करू नकोस, इथे सगळ्याच रडतात, रांग लागते. शेजारच्या खोलीतली कोल्हापूरची मुलगी परवा सामान बांधून निघून गेली. पुस्तकं तशीच ठेवून गेली, आणि आम्ही सगळ्या दारातून त्या ढिगाकडे बघत राहिलो, तेवढ्यात एकीने आत जाऊन तिच्या टॅक्सच्या नोट्स उचलल्या. ती मीच. लाज वाटली, पण परत ठेवल्या नाहीत. इथे राहून माणूस असा होतो, आई. मला स्वतःची थोडी भीती वाटायला लागली आहे.

खोलीतली वल्लरी एकच ग्रुप देते आहे. ती तुझ्या चपात्यांवर फिदा आहे. तिच्या मते अशी रुमालासारखी चौपदरी घडी घालून, टोकं आत वळवून चपाती ठेवणारी बाई कपाटही तसंच ठेवत असणार. मी तिला म्हटलं, त्या कपाटात माझा फोन कैदेत आहे.

पेपर तीन तारखेला सुरू होतात. दहावीपासूनचं लक्षात आहे ना? पेपरच्या दिवशी वरच्या चपातीच्या घडीत गूळ-तूप. बाकी कोणाला सांगू नकोस, सर ऐकतील तर म्हणतील सीए फायनल गुळावर चालली आहे.

तुझी माया डब्यातून पोचते आहे, अशीच पोचू दे.
आम्रपाली


धायरी
२० ऑक्टोबर

चि. आम्रपालीस,
अ. उ. आ.

दुसऱ्याच्या नोट्स उचलल्यास हे चांगलं केलं नाहीस. परीक्षा झाली की त्या मुलीचा पत्ता शोधून, सॉरी लिहून, परत पाठवायच्या. मी विचारीन. पण म्हणून तू वाईट झालीस असं काही नाही. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते धरतो. माझ्या वर्गात परीक्षेच्या दिवशी पोरं दुसऱ्याचं खोडरबर धरून बसतात.

वर्षावास परवा पौर्णिमेला संपला. शेवटचं वाचन माझ्याकडे होतं. या वेळी बसून वाचलं, माइक खाली घ्यायला लावला. सरुबाई शेजारीण म्हणाली, सत्यशीला आता म्हातारी व्हायला लागली. मी म्हटलं, मुलगी सीए झाली की होणारच आहे, थोडी आधीपासून सवय करते आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर टेबल हलतंय म्हणून, बाबांना केव्हाची सांगते आहे पाचर ठोका.

गूळ-तूप लक्षात आहे. ती अंधश्रद्धा नाही, ग्लुकोज आहे. सहाही पेपरांना मिळेल.

बाबा विचारत होते, खिडकीतून एकदा हात केलास तर नियम मोडतो का. मी म्हटलं, मोडतो.

तुझी,
आई


धायरी
५ नोव्हेंबर

ती. कांताताईंस,
सा. जयभीम, वि. वि.

पहिला पेपर बरा गेला, तिची चिठ्ठी आली. आज दुसरा आहे.

माझं विचाराल तर, उशीला पाठ लावून बसल्याशिवाय झोप लागत नाही. आडवी झाले की छातीवर पाटा ठेवल्यासारखं होतं. सकाळी ओट्याजवळ स्टूल घेऊन, बसून चपात्या लाटते. शाळेला सुट्टी आहे ते बरं. परवा डॉक्टरांनी पुन्हा फोन केला, मी उचलला नाही. हेमाबाई म्हणतात तुम्ही हट्टी आहात. असेन. मी काही मरणाला भीत नाही असं नाही, ताई, चांगली भिते. मला नातवंडं बघायची आहेत, निवृत्तीनंतर सारनाथला जायचंय. पण आठवडाभराचा तर प्रश्न आहे.

तुम्ही तेराला संध्याकाळी या. चौदाला मी भरती होईन, तेव्हा घरात कोणीतरी बाई असलेली बरी. यांना साधा चहा करता येत नाही. आम्रपालीला मीच सांगेन, शेवटच्या पेपरनंतर, केंद्राच्या दारात उभी राहून. आधी तिला मनसोक्त भांडू देईन.

आणि एक लिहून ठेवते. काही झालं तरी तिचा दुसरा ग्रुप चुकता कामा नये. काही म्हणजे काहीही. तुम्हाला सातवीचा पेपर आठवतो ना, मग जास्त लिहीत नाही.

लोभाची मला आता खरंच गरज आहे, तो असू द्या.
तुमची,
सत्यशीला


स्वारगेट
७ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. जयभीम.

ऑडिट गेलं. म्हणजे नापास होणार नाही, पण काठावर. शेवटचा प्रश्न अर्धाच सुटला. हात चालेना. पहिल्या ग्रुपची बेरीज निम्म्यावर जात नाही, मी परत परत करून पाहिली. आता सगळं दुसऱ्या ग्रुपवर. परवा डायरेक्ट टॅक्स. तो जर सत्तरच्या पुढे नेला आणि पुढचे दोन्ही सांभाळले, तरच.

आई, घरी यावंसं वाटतंय. एक तास तुझ्या मांडीवर डोकं ठेवून परत येईन असं मनात आलं. बसस्टॉपपर्यंत गेलेसुद्धा, धायरीची बस समोर उभी होती. मग परत आले. बरं केलं ना?

परवाच्या गुळाचं लक्षात ठेव. उत्तर लिही, दोन ओळी लिही.
आम्रपाली


धायरी
१० नोव्हेंबर

चि. सत्यशीलास,

हे पत्र तुला पोचणार नाही, एवढं मला कळतं. पण तुझ्याशी लिहून बोलायची सवय लागली आहे, आणि या घरात आत्ता मी कोणाशी बोलू?

संजय सांगतो ते असं. परवा, आठ तारखेला, संध्याकाळी तो पोरीची चिठ्ठी घेऊन आला. तू वाचलीस. चिठ्ठी ओट्यावर डब्याखाली ठेवलीस आणि विळीवर गूळ किसायला बसलीस. तो हातपाय धुऊन येतो तर तू भिंतीला टेकलेली. रिक्षात घालून नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्याला त्या डॉक्टरांकडून कळलं की दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन सांगितलं होतं. तेव्हापासून तो माझ्याकडे बघत नाही. मला माहीत होतं हे त्याला हेमाबाईंनी सांगितलं.

मी शेवटच्या गाडीने पोचले. पहिलं हेच विचारलं, की पोरीला कळवलं का. संजय निघालाच होता तिला आणायला, चप्पल घातली होती. मी दारात आडवी उभी राहिले. तुझं पत्र त्याच्या हातात दिलं. काही म्हणजे काहीही, ती ओळ. त्याने वाचली आणि मला म्हणाला, की ताई, तिची आई आहे ती, मी उद्या तोंड कसं दाखवू. मग त्याने तिच्या सरांना फोन लावला. त्या सरांना म्हणे प्रत्येक गोष्टीवर टोमणा सुचतो. पण ते एवढंच म्हणाले, की नियम आहे तो आहे, एक पेपर चुकला तर पहिला ग्रुपही जाईल. पुढचं मी तुम्हाला सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकत नाही. संजयने चप्पल काढली आणि पायरीवर बसला.

पहाटे मी गॅस पेटवला. तू बाहेरच्या खोलीत होतीस, उशाशी मेणबत्ती आणि तसबीर, पांढऱ्या साड्या नेसून बाया बसलेल्या. सरुबाई आत आली आणि म्हणाली, मयत घरात असताना कोणी चूल पेटवत नाही. मी म्हटलं, पेटवतात, पोरीचा पेपर असला की पेटवतात. कणीक तूच मळून ठेवली होतीस, झाकून. फ्लॉवरची भाजी केली, तुझ्यासारखीच, जास्त तेल नाही. चपात्या केल्या. ओट्यावर वाटीत किसलेला गूळ तसाच होता, त्याला मुंग्या लागतील म्हणून फळीवरच्या गुळाच्या डब्यात परत ओतला. हात कामात होते म्हणून मी उभी होते.

संजय पांढरे कपडे घालून होता, तसाच डबा घेऊन गेला. बाया बघत राहिल्या, बायको घरात आणि हा डबा घेऊन चालला. तो खुंटीला लावून आला, मग आम्ही तुला नेलं. आज सकाळीही लावून आला. तुझं पुण्यानुमोदन सतराला ठेवलं आहे, पोरगी असेल तेव्हा.

सत्यशीला, तू सांगितलंस ते मी केलं. बरोबर केलं का हे आता तू मला कसं कळवणार?

कांता


स्वारगेट
११ नोव्हेंबर, सकाळ

ती. आईस,

डबा मिळाला. कालचा आणि परवाचाही मिळाला. डायरेक्ट टॅक्स चांगला गेला.

मी सात तारखेला उत्तर मागितलं होतं, ते आता लिहू नकोस. तेरा तारखेपर्यंत कोणीच चिठ्ठी पाठवू नका. मीही पाठवणार नाही. बाबांना सांग, डबा लावला की लगेच जा, थांबू नका.

आम्रपाली


फलटण
५ डिसेंबर

चि. आम्रपालीस,
अ. उ. आ.

तुला मी फोन केला तर तू बाबांकडे देतेस. म्हणून लिहिते.

त्या दिवशी केंद्राच्या दारात तू बाहेर आलीस. संजयने तोंड फिरवलं, म्हणून मी सांगितलं. मला वाटलं होतं तू किंचाळशील, मला मारशील. तू हातातलं प्रवेशपत्र नीट घडी करून पिशवीत ठेवलंस आणि म्हणालीस, की चला. पुण्यानुमोदनाला आलेल्या सगळ्यांना पाणी दिलंस. मला तुझी तीच भीती वाटते.

पोरी, मी तुला फसवलं. तुझी आई घरात असताना मी तुझ्यासाठी चपात्या लाटल्या आणि तुला त्यातलं काही कळू दिलं नाही. तुला शेवटचं बघू दिलं नाही. तुझ्या आईने शपथ घातली होती असं म्हणून मी सुटू शकते, पण मला सुटायचं नाही. माझ्या लहानपणी मला पेपरवरून उठवलं त्याचा राग मी आयुष्यभर धरला, आणि त्या रागापायी तुझ्या हातून तुझी आई काढून घेतली, असं मला रोज वाटतं. निकाल काहीही लागो. तू मला शिव्या देऊन एक पत्र लिही, म्हणजे मला जेवण जाईल.

तुझ्या मायेवर हक्क सांगत नाही, पण वाट बघते.
कांताआत्या


धायरी
२७ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. जयभीम, वि. वि.

काल निकाल लागला. मी पास झाले. दोन्ही ग्रुप.

पहिल्या ग्रुपची बेरीज निम्म्याला सहा कमी आहे. दुसऱ्याची वीस जास्त. तुला आईने आमटीचं समजावलं होतं म्हणे, तसंच झालं, ओतून पंगत निभावली. नऊ तारखेला मी घरी आले असते तर पहिलाही गेला असता. म्हणजे तुमचं, आईचं आणि तुझं, गणित तंतोतंत बरोबर निघालं. चुकलं असतं तर मला तुमच्यावर रागावता आलं असतं. सर पेढे घेऊन घरी आले होते. पेढे आईच्या फोटोपुढे ठेवले आणि चष्मा पुसत बसले. त्यांच्याच ऑफिसात एक तारखेपासून जाणार आहे. कोल्हापूरच्या त्या मुलीच्या नोट्स सॉरी लिहून पाठवल्या. आई विचारणार होती.

बाबा ठीक आहेत. पहाटे उठून माझ्यासाठी चपात्या करतात. त्या कुठल्याच घडीच्या नसतात, पण मी काही म्हणत नाही.

आता तुझ्या पत्राचं. तू मला फसवलंस असं लिहिलं आहेस. तेवढं तू मनातून काढून टाकावंस म्हणून हे सांगते, आणि हे दुसऱ्या कोणाला सांगणार नाही.

नऊ तारखेला सकाळी मी डबा उघडला. चपात्या अर्ध्या दुमडलेल्या होत्या. तू नेहमी दुमडतेस तशा. आधी वाटलं आई आजारी असेल, आत्या आली असेल. मग मी वरची चपाती उलगडली. आत गूळ नव्हता. दुसरी उलगडली, तिसरी उलगडली. आत्या, आई तापाने फणफणली असती, दवाखान्यात असती, हातापायांत नळ्या असत्या, तरी तिने तुला एवढं सांगितलंच असतं, की पेपर आहे, वरच्या चपातीत गूळ घाल. ती एवढं सांगू शकली नाही म्हणजे काय ते मला तिथेच, डब्यासमोर बसल्या बसल्या कळलं. त्याआधी मी खिडकीतून बाबांना पाहिलं होतं. अंगावर पांढरे कपडे होते आणि डबा लावल्यावर खुंटीवरचा हात ते काढतच नव्हते.

वल्लरीचा फोन माझ्या शेजारी पडलेला होता. बाबांचा नंबर मला पाठ आहे. मी लावला नाही. लावला असता तर त्यांना सांगावं लागलं असतं, आणि त्यांनी सांगितलं असतं तर मला उठावं लागलं असतं. कोणी सांगितलं नव्हतं तोवर मी बसू शकत होते. म्हणून तर चिठ्ठी पाठवू नका असं लिहिलं. तुम्ही सगळे माझ्यासाठी गप्प होतात, आणि मीही तुमच्याइतकीच गप्प होते. आईला मी पास व्हायला हवी होते म्हणून, की मलाच पास व्हायचं होतं म्हणून, ते मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

ती चपाती मी खाल्ली, आत्या. सगळ्या खाल्ल्या, एक तुकडा ठेवला नाही. डबा धुतला, खुंटीला लावून आले आणि पेपरला गेले.

तेव्हा तू जेवत जा. संक्रांतीला ये, आणि मला त्या अर्ध्या घडीच्या चपात्या करून घाल, मी त्या एकदा खाल्लेल्या आहेत.

लोभ तुझा आहेच, माझाही धरून ठेव.
तुझी,
आम्रपाली

ता. क. यातलं काहीही बाबांना कळू देऊ नकोस. शेवटच्या पेपरपर्यंत मला काहीच माहीत नव्हतं, मी शांत मनाने लिहिलं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. तेवढं सांगून झालं की चार घास जेवतात. म्हणून फोन करू नकोस, काही असलं तर लिही.